वीर घरी परततो, मग भांडी कोण घासतं?

सिरीजमधलं पहिलं पुस्तक आपण कुतूहलानं वाचतो, आणि चौथं-पाचवं हक्कानं. तोवर नकाशा पाठ झालेला असतो, कुणाचं कुणाशी जुळायला हवं हे आपण ठरवून टाकलेलं असतं, आणि लेखकानं त्याबाहेर पाऊल टाकलं की आपल्या खोलीतलं सामान कुणीतरी न विचारता हलवल्यासारखं वाटतं. 'ऑर्डर ऑफ द फीनिक्स'मधला सारखा ओरडणारा हॅरी आठवा. 'मॉकिंगजे'मध्ये कपाटात लपून बसणारी कॅटनिस आठवा. दोन्ही पुस्तकांवर वाचक चिडले आणि दोन्ही वेळा तक्रार साधारण एकच होती: आमचा माणूस असा नव्हता.

या तक्रारीचा सगळ्यात मोठा मारा ज्या पुस्तकानं झेलला असेल, ते या दोन्हींच्या आधीचं आहे. अर्सुला के. ल ग्विनच्या 'अर्थसी' मालिकेतलं चौथं पुस्तक, 'तेहानू', १९९० साली आलं. तिसरं पुस्तक आलं होतं १९७२ मध्ये. म्हणजे मधे १८ वर्षं गेली. ज्या मुलांनी तिसरं पुस्तक शाळेत असताना वाचलं, त्यांना चौथं मिळालं तेव्हा ती नोकरीला लागलेली होती, काहींना मुलंही झाली असतील. आणि त्यांना हाती काय मिळालं? एक चाळिशी ओलांडलेली विधवा, एक भाजलेली पोर, आणि जादू संपलेला एक थकलेला माणूस. जहाजं नाहीत, लढाया नाहीत, रोकची जादूची शाळा नाही. शेळ्या आहेत, खूप शेळ्या आहेत.

पुढे मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. १९९० सालच्या पुस्तकाला स्पॉयलर लागत नाही असं माझं मत आहे. तुमचं नसेल तर आधी पुस्तक वाचा, हा लेख कुठे पळून जात नाही.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अर्थसी म्हणजे समुद्रात विखुरलेली शेकडो बेटं. इथे प्रत्येकाला एक खरं नाव असतं आणि ते फक्त अगदी विश्वासातल्या माणसाला सांगायचं असतं, कारण खरं नाव कळलं की त्या माणसावर सत्ता मिळते. जादू म्हणजे खऱ्या नावांचं ज्ञान. पहिल्या पुस्तकात (१९६८) गॉन्ट बेटावरचा शेळ्या राखणारा एक पोरगा, गेड, रोकच्या शाळेत जाऊन जादूगार होतो. हॉगवर्ट्सच्या तब्बल २९ वर्षं आधी. गेड सावळा, तांबूस वर्णाचा आहे, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असूनही मुखपृष्ठांवर तो वर्षानुवर्षं गोरा छापला गेला. दुसऱ्या पुस्तकात टेनार येते. लहानपणीच घरातून उचलून नेलेली, अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण करून टाकलेली मुलगी. गेड तिला तिथून बाहेर काढतो, किंवा ती त्याला बाहेर काढते; कसं वाचाल तसं. तिसऱ्यात गेड सगळ्या जादूगारांचा मुखिया, आर्कमेज झालेला असतो. मृत्यूच्या प्रदेशात पडलेलं भगदाड बुजवताना तो आपली सगळी शक्ती खर्चून टाकतो, आणि त्याच्याबरोबर गेलेला तरुण राजपुत्र लेबानन पुढे राजा होतो. टेनार या तिसऱ्या पुस्तकात जवळजवळ नाहीच.

ती कुठे होती? 'तेहानू'चं उत्तर असं की ती लग्न करून शेतावर राबत होती. दोन मुलं वाढवत होती.

हे उत्तर ल ग्विनलाही लगेच सापडलं नव्हतं. तिसऱ्या पुस्तकानंतर तिनं चौथं लिहायला घेतलं होतं, पण ते अडकलं. एवढ्या विलक्षण सुरुवातीची मुलगी शेतकऱ्याची बायको का झाली, हे तिला स्वतःलाच कळेना. ते कळायला मधली वर्षं जावी लागली. त्या वर्षांत अमेरिकेतली स्त्रीवादी चळवळ झाली, तिचं स्वतःचं वाचन बदललं, आणि १९९२ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात तिनं उघडपणे मांडलं की वीरकथा हा प्रकारच पुरुषांच्या मापानं शिवलेला आहे आणि आपणही तो तसाच अंगात घातला होता.

इथवर वाचून वाटेल की हे 'चूक दुरुस्त' करणारं पुस्तक असणार. तसं असतं तर ते मी अर्ध्यात टाकलं असतं. जुन्या मालिकेत नवे विचार चिकटवणारी पुस्तकं कंटाळवाणी होतात, कारण त्यांत पात्रं अचानक भाषणं देऊ लागतात. (थोडी भाषणं 'तेहानू'मध्येही आहेत. मॉस मावशी पुरुषाची ताकद आणि बाईची ताकद यांतला फरक समजावून सांगते तेव्हा मॉसच्या तोंडून ल ग्विनचाच आवाज येतो.) पण ल ग्विननं जुन्या पुस्तकातली एकही घटना खोडलेली नाही. तिनं फक्त उभं राहायची जागा बदलली.

याचं माझं आवडतं उदाहरण तिसऱ्या पुस्तकाच्या अगदी शेवटी आहे. तिथे ल ग्विन सांगते की गेडचं पुढे काय झालं याच्या दोन कथा आहेत. एक गाण्यांतली: राज्याभिषेकानंतर तो आपल्या नावेत बसून एकटाच समुद्रात निघून गेला. दुसरी गॉन्टच्या लोकांची: नवा राजा त्याला शोधत गॉन्टला आला, पण गेड एकटाच डोंगरातल्या रानात गेलेला होता. लोक म्हणाले, आम्ही शोधून आणतो. राजानं नको म्हटलं. त्याचं राज्य माझ्यापेक्षा मोठं आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. किती भारदस्त शेवट! वाचताना ऊर भरून येतो.

१८ वर्षांनी ल ग्विन त्याच डोंगरावर परत जाते आणि दाखवते की गेड त्या वेळी लपून बसला होता. राजाची माणसं आली म्हटल्यावर त्याची घाबरगुंडी उडते. ज्यानं राजाला घडवलं त्याला राजासमोर उभं राहायची लाज वाटते, कारण आता त्याच्यात काही उरलेलं नाही. टेनारच त्याला दुसरीकडे पाठवून देते आणि तो डोंगरात शेळ्या राखायला जातो. दंतकथेत एक शब्दही खोटा नाही. राजा खरंच आला, गेड खरंच रानात होता. फक्त दंतकथा रचणाऱ्यांनी त्याचा चेहरा पाहिला नव्हता आणि टेनारनं पाहिला होता.

माझ्या मते पूर्ण पुस्तकाची पद्धत हीच आहे. मोठ्या घटना तशाच राहतात, पण त्या स्वयंपाकघराच्या दारातून दिसतात.

दुसरा प्रसंग ओगियनच्या मृत्यूचा. ओगियन म्हणजे गेडचा पहिला गुरू, अख्ख्या गॉन्टचा आदरणीय जादूगार. मरताना त्याच्याजवळ टेनार असते, आणि तो आपलं खरं नाव तिला सांगतो. त्यानंतर दोन जादूगार धावतपळत येतात आणि एवढ्या थोर माणसाला कुठे पुरायचं यावरून वाद घालू लागतात. टेनार त्यांना त्याचं नाव सांगते, इथेच पुरा ही त्याची इच्छा सांगते. दोघांतला तरुण तिच्याकडे बघतो, समोर गावातली एक मध्यमवयीन बाई आहे एवढं त्याला दिसतं, आणि तो सरळ मान फिरवतो. ज्या जगात नाव म्हणजेच जादू, तिथे एवढ्या मोठ्या माणसाचं नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं आणि ते कानांवर पडलं नाही, कारण उच्चारणारी बाई होती. घरातल्या चर्चेत आईनं सांगितलेली गोष्ट दहा मिनिटांनी काकांनी सांगितल्यावर सगळ्यांना पटते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना इथे अर्थसीचा नकाशा उघडावा लागणार नाही.

आणि मग लक्षात येतं की पहिल्या पुस्तकातही हे सगळं होतंच. रोकच्या शाळेत मुली नव्हत्या. बायकांची जादू कमकुवत आणि वाईट असते, अशी म्हण त्या जगात रुळलेली होती, आणि ती वाचून आपण पान उलटलं होतं. एकाही थोर जादूगाराला बायको नव्हती, याचंही आपल्याला काही वाटलं नव्हतं. 'तेहानू'मध्ये मॉस सांगते की जादूगार शक्तीच्या बदल्यात स्त्रीसहवास सोडतात, त्यासाठी स्वतःवरच मंत्र घालून घेतात. म्हणजे पन्नाशीच्या आसपासचा, ड्रॅगनांशी बोललेला, मृत्यूच्या देशातून परतलेला गेड काही बाबतींत पंधरा वर्षांचा पोरगाच राहिला आहे. इथे हसू येतं आणि पोटात कालवतंही. पुढे एका हिवाळ्यात तो आणि टेनार एकत्र येतात. तो भाग ल ग्विननं इतका साधा लिहिलाय की पहिल्या वाचनात तो जवळजवळ निसटून जातो. त्या रात्रीच्या आधी शेतावर गुंड चालून आलेले असतात आणि गेडनं त्यांतल्या एकाला गवत उचलायच्या काट्यानं भोसकलेलं असतं. जादूची काठी गेली, गवताचा काटा हाती आला. त्यात विजय वगैरे काही नाही. त्याच माणसाच्या जखमा बांधत दोघं रात्र काढतात.

पण मला सगळ्यात जास्त बोचतो तो प्रसंग याहून कितीतरी छोटा आहे. टेनारचा मुलगा, स्पार्क, बरीच वर्षं जहाजांवर काढून घरी येतो. बाप मेलाय, म्हणजे शेत आता त्याचं. आई राबतेय त्या घराचा मालक तो, तिथल्या कायद्यानं. जेवणं होतात. टेनार त्याला आपली उष्टी भांडी आवरायला सांगते. तो म्हणतो, हे बायकांचं काम आहे. ती म्हणते, या घरात जो जेवतो त्याचं काम आहे. माझं नाही, असं सांगून तो निघून जातो. बस्स, एवढंच. टेनारला त्या क्षणी कळतं की आपण याला वाढवताना कुठेतरी कमी पडलो. थडग्यांच्या अंधारातून स्वतःच्या पायांनी बाहेर आलेली बाई पोटच्या पोराला ताट उचलायला शिकवू शकली नाही.

फॅण्टसीत हा प्रसंग का हवा, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. ड्रॅगन असलेल्या पुस्तकात भांडी कशाला? मला उलटं विचारावंसं वाटतं. आधीच्या तीन पुस्तकांत लोक जेवत होतेच. गेड बेटाबेटांवर कुणाकुणाच्या घरी उतरत होता, गरम भाकरी आणि रस्सा खाऊन पुढच्या साहसाला निघत होता. ती भांडी कुणीतरी घासली असणारच. ल ग्विननं अर्थसीत नवीन काही घातलं नाही, गेड निघून गेल्यावर त्या घरात मागे थांबली एवढंच.

आता थेरु. पुस्तकाचा खरा जीव हिच्यात आहे आणि माझी खरी तक्रारही हिच्याबद्दलच आहे.

थेरु सहा-सात वर्षांची असताना तिच्याच माणसांनी तिच्यावर अत्याचार करून तिला आगीत टाकून दिलेलं असतं. चेहऱ्याची एक बाजू जळलेली, एक डोळा गेलेला, एका हाताचा नुसता आकडा उरलेला. टेनार तिला घरी आणते. ल ग्विन तो प्रसंग रंगवत नाही, फक्त परिणाम दाखवते: पोर कुजबुजल्यासारखं बोलते, पुरुष दिसला की आक्रसते, कधीकधी टेनारच्या पदराआडून हलत नाही. (पदर माझा. टेनारच्या अंगात घागरा असावा.) आणि पुस्तक एक प्रश्न लावून धरतं, जो फॅण्टसीत कधी विचारला जात नाही: ही पुढे पोट कशी भरणार? टेनार तिच्यासाठी काम शोधते. विणकाम शिकेल का? गावच्या चेटकिणीकडे उमेदवारी करेल का? चेटकीण नाही म्हणते. मला त्या पोरीची भीती वाटते, असं तोंडावर सांगते. लोक जखम बघून दया दाखवतात आणि मग हळूच अंतर ठेवतात, कारण जिच्यावर एवढं वाईट घडलं तिच्यातच काहीतरी वाईट असणार, असं मनातून सगळ्यांना वाटत असतं. हे ल ग्विननं इतकं अचूक पकडलंय की वाचताना स्वतःच्या नजरेची शंका येते.

टेनार थेरुला सांगते की जखम म्हणजे तू नाहीस. आणि पुस्तक बराच काळ या वाक्याचा भार पेलतं. जे झालं ते पुसता येणार नाही, कुठलाही मंत्र ते भरून काढणार नाही. आर्कमेजकडे शक्ती असती तरी काढलं नसतं. तरी ही मुलगी जगेल, आणि जगण्याजोगं जगेल. एका किशोरवयीनांच्या म्हणून गणल्या जाणाऱ्या मालिकेनं हे वचन द्यावं याला मी फार मानते.

आणि मग येतो शेवट. ओगियनच्या दफनावेळी मान फिरवणारा तो तरुण जादूगार, अ‍ॅस्पन, टेनारवर मंत्र घालून तिला कुत्र्यासारखं रांगायला लावतो, गेडलाही कैद करतो आणि दोघांना कड्यावरून खाली ढकलायला निघतो. थेरु एकटीच निसटते. ती कड्यावर जाऊन तिच्या एका डोळ्यानं पश्चिमेकडे बघते आणि कुणीही न शिकवलेल्या भाषेत हाक मारते. ड्रॅगनांमधला सगळ्यात वृद्ध कालेसिन येतो, अ‍ॅस्पनला जाळून टाकतो आणि थेरुला आपली मुलगी म्हणतो. तिचं खरं नाव तेहानू. ती ड्रॅगनांच्या वंशातली आहे.

हे आकाशातून पडलेलं नाही, हे मान्य. माणसं आणि ड्रॅगन एकेकाळी एकच होते ही गोष्ट सुरुवातीलाच येते. ओगियन मरण्याआधी या मुलीला बघून काहीतरी ओळखतो. कथेच्या हिशेबात खोट नाही. शिवाय वाचवणारी हाक सगळ्यात जास्त चिरडलेल्या पोरीच्या गळ्यातून निघते, राजाच्या किंवा आर्कमेजच्या नाही, हेही थोडं नाही.

तरीही मला तो शेवट पटत नाही. अडीचशेच्या आसपास पानं ज्या मुलीनं कुणी खास न होता जगावं असं आपण मनापासून इच्छिलं, ती शेवटी खासच निघते. निवडलेली मुलगी, गुप्त वंश, मोठं नाव: ज्या वीरकथेला ल ग्विननं दारातून बाहेर काढलं ती खिडकीतून परत आत आली. प्रश्न थेरुपुरता नाही. भाजलेल्या, टाकून दिलेल्या सगळ्याच मुली ड्रॅगन नसतात. त्यांच्यासाठी विणकामाचा माग होता, उमेदवारी होती, टेनारची रोजची दुधाची वाटी होती. या गोष्टी पुस्तकानं एवढ्या मेहनतीनं उभ्या केल्या आणि मग वरून आगीचा लोळ आला. अ‍ॅस्पनही नुसता दुष्ट आहे, स्पार्कच्या एका वाक्यात जेवढा माणूस आहे तेवढा त्याच्यात नाही. दुष्ट जाळता येतो. स्पार्कचं काय करायचं, हे कालेसिनलाही सांगता आलं नसतं.

एका गोष्टीनं मात्र शेवट तोल सावरतो. कालेसिन थेरुला बरोबर नेऊ शकतो. ती राहते. टेनार आणि गेड जिथे आहेत तिथे राहायचं, असं ती ठरवते. तिघं ओगियनच्या जुन्या घरी जातात आणि बोलणी लगेच घर, शेळ्या, बाग यांवर येतात. ज्यांनी २००६ चा स्टुडिओ घिब्लीचा अर्थसीवरचा सिनेमा पाहिलाय त्यांना थेरु ओळखीची वाटेल, पण तिथे तिच्या चेहऱ्यावर डोळ्याजवळ एक व्रण तेवढा आहे, जवळजवळ शोभेचा, आणि ड्रॅगन होणं हा तिचा दिमाखदार क्षण आहे. पुस्तकातल्या चेहऱ्याकडे बघायला जे बळ लागतं ते सिनेमानं आपल्याकडे मागितलंच नाही. ल ग्विन त्या सिनेमावर नाराज होती आणि तिनं तसं जाहीरपणे लिहिलंही.

'तेहानू' पहिल्यांदा छापलं तेव्हा त्यावर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं उपशीर्षक होतं. ते खरं ठरलं नाही. २००१ मध्ये आणखी दोन पुस्तकं आली, एक कथासंग्रह आणि 'दि अदर विंड' ही कादंबरी. या कादंबरीत तेहानू खरोखरच ड्रॅगन होऊन उडून जाते. टेनारची मुलगी म्हणून राहिलेली पोर शेवटी टेनारला सोडून जाते, आणि माझी तक्रार थोडी मऊ होते, कारण इथे तिचं खास असणं कुणाला तरी किंमत मोजायला लावतं.

त्या कादंबरीची सुरुवात होते तेव्हा सत्तरीचा गेड शिडीवर चढून आलुबुखार तोडत असतो. टेनार आणि तेहानू राजाच्या बोलावण्यावरून हॅवनॉरला गेलेल्या असतात. जगाचं भवितव्य तिकडे ठरणार असतं, आणि जगाला एकदा वाचवून बसलेला हा माणूस तिथे जात नाही, कुणी बोलावतही नाही. शेवटच्या पानावर टेनार एकटीच परत येते, घडलेलं सगळं त्याला सांगते, आणि मग विचारते, मी नसताना तू काय केलंस?

तो म्हणतो, घर सांभाळलं.